निकामी बंदुकीचे पुनरुज्जीवन

जगातील बहुतेक माणसांना बंदुकीतले काही कळत नाही, हे भाऊसाहेबांचे मत नव्हते. तो त्यांच्या आयुष्याचा पाया होता. मते बदलतात, पाये सहसा बदलत नाहीत. लोक 'गोळी' आणि 'काडतूस' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात, दुनळी बंदुकीला खुशाल रायफल म्हणतात, आणि पडद्यावरचा नायक सहा घरांच्या पिस्तुलातून सतरा बार काढतो तेव्हा टाळ्या वाजवतात. भाऊसाहेब चित्रपटगृहात बार मोजत बसत आणि सातव्या बाराला उठून बाहेर येत. गेल्या तीस वर्षांत त्यांनी एकाही साहसपटाचा शेवट पाहिलेला नव्हता, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

त्यांची चौतीस वर्षे पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाघरात गेली होती. तेथे त्यांनी नळांचे व्यास, नळांची जाडी आणि नळांचे सांधे यांच्या सहस्रावधी आकृत्या काढल्या. या तपश्चर्येतूनच त्यांना बंदुकीचे दर्शन घडले. नळी ही नळीच. तीतून पाणी जावे की शिसे, हा केवळ प्रयोजनाचा भेद, असे ते म्हणत. कपाटाचे तीन खण शस्त्रविद्येच्या ग्रंथांनी भरले होते आणि त्या ग्रंथांचे समास भाऊसाहेबांच्या बारीक अक्षरातल्या दुरुस्त्यांनी. तोड्याच्या बंदुकीविषयी त्यांना करुणा होती, कारण पावसात तोड्याची पेटती वात विझली की ती केवळ काठी उरे. चकमकीच्या बंदुकीविषयी आदर होता. टोपीच्या बंदुकीपाशी येताच त्यांचा आवाज हळवा होई. त्यानंतर मनुष्यजातीने जे जे काही केले त्याविषयी त्यांना तिरस्कार होता. आपोआप भरल्या जाणाऱ्या बंदुकीचे नाव निघाले, की ते म्हणत, "ज्याला पहिल्या बाराचा भरवसा नाही, त्याच्यासाठी केलेली सोय आहे ती!"

वसाहतीत त्यांना तोंडावर भाऊसाहेब आणि पाठीमागे तोफखाना म्हणत. एवढ्या विद्वत्तेत एक लहानशी उणीव होती. तिचा उल्लेख यथास्थळी येईल.

प्रकरणाला आरंभ झाला तो सासरेबुवांच्या बंदुकीपासून. सासरेबुवा वनखात्यात होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या एकुलत्या एका लेकीकडे, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नीकडे, ही दुनळी बंदूक आली. वृद्धापकाळी दृष्टी मंदावल्यावर सासरेबुवांनी ती एका कारागिराकडून कायमची निकामी करून घेतली होती. काडतुसावर आघात करणारे आतले ठोके काढलेले, दोन्ही नळ्यांत पोलादी बुचे बसवून डाक दिलेला. आणि तसे लिहून दिलेले कारागिराचे पत्र. उरले होते इतकेच, की नोंदवहीतले वडिलांचे नाव खोडून तेथे लेकीचे नाव घालावयाचे. एका पानाचा अर्ज आणि एक शिक्का.

भाऊसाहेबांच्या पत्नी रुग्णालयाच्या औषधविभागात तीस वर्षे काम करून निवृत्त झाल्या होत्या. वैद्यांची अक्षरे वाचण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांच्यापाशी धीर पुष्कळ आणि शब्द मोजके होते. शस्त्रनोंदणी कार्यालयात त्या एकट्याच जाणार होत्या. "तुम्ही कशाला येता, ऊन आहे," असे त्या म्हणाल्याही होत्या. परंतु जेथे शस्त्राचा विषय, तेथे भाऊसाहेब अनुपस्थित कसे राहणार?

कार्यालयातील प्रमुख लिपिक हे एक चष्मा कपाळावर आणि दुसरा नाकावर धारण करणारे गृहस्थ होते.

"काय वस्तू आहे, ताई?"

"वडिलांची जुनी बंदूक. आठ वर्षांपूर्वीच निकामी करून घेतलीय. हे कारागिराचं पत्र."

"मग प्रश्नच मिटला. वारस तुम्ही एकट्याच?"

"एकटीच."

लिपिकांनी पत्र वाचले, मान डोलावली आणि 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात लिहिले : 'जुनी बंदूक. निकामी. शोभेची वस्तू.' मग त्यांनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला, उचलला, आणि तो कागदाच्या वर वीतभर अंतरावर असताना भाऊसाहेब म्हणाले, "थांबा."

शिक्का हवेत थांबला.

"हे वर्णन आहे की शिवी?"

"काका, रकाना एवढासाच आहे."

"रकाना लहान असेल तर तो दोष रकान्याचा. 'जुनी' म्हणजे कशाच्या मानाने? 'बंदूक' म्हणजे कोणती? उजवी नळी मोकळ्या तोंडाची, डावी आवळलेली. छऱ्यांचा पसारा दोन अंतरांवर दोन प्रकारचा. हे तुमच्या या कागदात कुठे आहे?"

"अहो," पत्नी हळूच म्हणाल्या, "असू दे ना."

"असू दे? अगं, तुझ्या वडिलांच्या बंदुकीला हे गृहस्थ फुलदाणीच्या पंक्तीला बसवतायत!"

"फुलदाणीला आम्ही नोंद मागत नाही," लिपिक शांतपणे म्हणाले आणि त्यांनी शिक्का खाली, म्हणजे दुर्दैवाने कागदावर नव्हे तर टेबलावर, ठेवला. "हरकत असेल तर लेखी द्या. प्रकरणाला जोडतो."

'लेखी द्या' या शब्दांचा अर्थ सामान्य मनुष्य 'घरी जा' असा घेतो. भाऊसाहेबांनी ते निमंत्रण मानले.

पुढचे नऊ दिवस घरात शास्त्रार्थाचे वातावरण होते. जेवणाचे टेबल नकाशाघर झाले. पत्नी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून जेवत. नवव्या दिवशी चौदा पानांचे टिपण सिद्ध झाले. त्याला तीन आकृत्या जोडलेल्या होत्या. रचना परंपरेला धरून होती : प्रथम पूर्वपक्ष, म्हणजे लिपिकांचे ते पाच शब्द, मग त्यांचे खंडन, अखेरीस सिद्धान्त. 'जुनी' या शब्दाचा समाचार चार पानांत होता. 'शोभेची' या शब्दाला तितकीच पाने मिळाली. पण टीकाकाराची खरी प्रतिभा प्रकट झाली होती ती 'निकामी' या शब्दावर. ठोके काढले आणि बुचे बसवली एवढ्याने काय होते? जेथे रचना अक्षत आहे, तेथे शक्ती केवळ निद्रिस्त आहे. कोणताही सामान्य कुवतीचा कारागीर नवे ठोके घडवून आणि बुचे काढून हे शस्त्र एका दुपारी पूर्ववत् करू शकेल. ते कसे, हे आकृती क्रमांक तीनमध्ये बाणांसहित दाखवले होते.

समोरच्या दारात राहणाऱ्या दंतवैद्यांना हे टिपण वाचनाचा पहिला मान मिळाला. दंतवैद्य स्वभावाने आनंदी आणि बंदुकीच्या बाबतीत संपूर्ण निरक्षर होते; म्हणूनच ते श्रोता म्हणून उत्तम.

"फार सुबक चित्रं आहेत हो, भाऊसाहेब."

"ती चित्रं नव्हेत. छेदाकृती आहेत."

"ही तर मला थेट अक्कलदाढ वाटते."

"तो चापाचा खटका आहे!"

"असेल, असेल. पण आत जरा कीड लागल्यासारखी वाटते, बघा."

भाऊसाहेबांनी टिपण काढून घेतले. पत्नींनी ते पाकिटात घालताना एकच प्रश्न विचारला, "हे द्यायलाच हवं का?"

"यात असत्य काय आहे?"

"तसं नाही. पण त्यांनी विचारलं नव्हतं."

सत्य कोणी विचारण्याची वाट पाहत नसते, असे उत्तर भाऊसाहेबांनी दिले आणि टिपण स्वतः नेऊन दिले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ते टपालाने आले नाही. दोन हवालदार घेऊन आले. भाऊसाहेबांनी पत्र दारातच उघडले. 'सोबत जोडलेल्या तज्ज्ञ-अभिप्रायाचे अवलोकन करता' अशी त्याची सुरुवात होती. 'तज्ज्ञ' हा शब्द भाऊसाहेबांनी चार वेळा वाचला, त्यांपैकी दोन वेळा मोठ्याने, आणि एकदा दंतवैद्यांना ऐकू जावा म्हणून जिन्याकडे तोंड करून. त्यापुढचे पत्र पत्नींनी वाचले.

सदर शस्त्र निकामी नसून पुनरुज्जीवनक्षम असल्याचे तज्ज्ञांनी सप्रमाण दाखवून दिले आहे, असे पत्रात म्हटले होते. सबब त्यास शोभेच्या वस्तूची सवलत लागू होत नाही. शस्त्र तात्काळ जमा करावे. साठ दिवसांत कुटुंबातील कोणी रीतसर परवाना मिळवल्यास ते परत देण्यात येईल. अन्यथा त्याचे करवतीने तीन तुकडे करून विल्हेवाट लावली जाईल.

पत्नींनी दिवाणखान्याच्या भिंतीवरून बंदूक उतरवली. दर रविवारी त्या तिचा लाकडी दस्ता तेलाच्या फडक्याने पुसत. त्या दिवशी गुरुवार होता, तरी त्यांनी तो पुसला. मग वडिलांच्या जुन्या शालीत गुंडाळून बंदूक हवालदारांच्या हाती दिली. हवालदारांनी पावती फाडली. तीवर लिहिले होते : 'लांब वस्तू, एक.'

दार लावल्यावर त्या म्हणाल्या, "तीन तुकडे म्हणजे कुठून कुठून करतात हो?"

"एक छेद नळीच्या मध्यावर, दुसरा चापाच्या मागे जिथे दस्ता—" भाऊसाहेबांनी उत्साहाने सुरुवात केली, आणि पत्नीच्या चेहऱ्याकडे दृष्टी जाताच ते थांबले. विषय अवगत असूनही ते मध्येच थांबल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

परवाना काढणे प्राप्त झाले. अर्ज अर्थात भाऊसाहेबांनी आपल्या नावे करावयाचा ठरवला. तज्ज्ञ घरात असताना परवाना दुसऱ्याच्या नावे का? परवान्याचा अर्ज अकरा पानी होता आणि भाऊसाहेबांच्या मते त्यातील दहा पाने बंदूक कधी न पाहिलेल्या माणसाने लिहिलेली होती. 'शस्त्र बाळगण्याचे कारण' या रकान्यापाशी ते दोन दिवस अडले. स्वसंरक्षण, पीकसंरक्षण, क्रीडा आणि इतर असे चार पर्याय होते.

"स्वसंरक्षणावर खूण करा," दंतवैद्यांनी सल्ला दिला. "कोणापासून तरी जिवाला भय आहे म्हणायचं."

"मला कोणापासून भय असणार?"

"माझ्यापासून म्हणा! मी लिहून देतो. शेजारी आहे, सहज पटेल."

"तुमच्यापासून? तुमच्यापासून भय फक्त तोंड उघडणाऱ्याला."

भाऊसाहेबांनी 'इतर' वर खूण केली आणि पुढे लिहिले : 'न्याय.' तो अर्ज परत आला. मग त्यांनी नाइलाजाने 'क्रीडा' लिहिले. लिहिताना त्यांची मुद्रा अशी होती, की जणू कोणी त्यांना लंगडी घालायला लावले आहे. नेत्रवैद्यांनी दृष्टी उत्तम असल्याचे लिहून दिले. रक्तदाब मात्र वाढलेला निघाला, कारण तपासणाऱ्या वैद्यांनी सहज बोलण्याच्या ओघात यंत्रबंदुकीची स्तुती केली होती.

आता एकच पायरी उरली, आणि येथे त्या उणिवेचा उल्लेख करणे भाग आहे. परवान्यासाठी नेमबाजीच्या सरावगृहातील प्रमाणपत्र आवश्यक होते. पंचवीस मीटरवरच्या कागदावर पाच बार उभ्याने काढावयाचे, आणि त्यांपैकी तीन काळ्या वर्तुळात बसले पाहिजेत.

सरावगृहातील प्रशिक्षिका चाळिशीच्या होत्या. केस कापलेले, गळ्यात शिटी. भाऊसाहेबांबरोबर दंतवैद्यही आले होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

"काका, याआधी किती बार काढलेत?" प्रशिक्षिकांनी नोंदवही उघडून विचारले.

'काका' हे संबोधन भाऊसाहेबांना रुचले नाही. "हा प्रश्न संख्येचा नव्हे," ते म्हणाले.

"वहीत रकाना संख्येचाच आहे."

"माझा या विषयाचा अभ्यास चाळीस वर्षांचा आहे. तुमच्या या छोट्या गोळीच्या, म्हणजे लहान व्यासाच्या, सरावाच्या बंदुकीविषयी माझं मत—"

"बार किती?"

दंतवैद्य ऐकण्यासाठी पुढे वाकले.

"एकही नाही," भाऊसाहेब म्हणाले.

प्रशिक्षिकांनी शून्य लिहिले. ते शून्य त्यांनी अकारण मोठे काढले, असे भाऊसाहेबांना वाटले.

"हरकत नाही. मी दाखवते तसे उभे राहा. पाय असे, खांदा असा."

"क्षमा करा," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून कोनमापक काढला. "आपली ही पद्धत अलीकडची आहे. क्रीडाप्रकारांतून आलेली, केवळ सोयीची. शास्त्रोक्त पवित्र्यात पावलं लक्ष्यरेषेशी पंचेचाळीस अंशांत हवीत. अंदाजपंचे नव्हे."

"काका, समोर बघितलं की पुरे असतं."

"बाई, समोर तर सगळेच बघतात."

प्रशिक्षिकांनी हात बांधले. भाऊसाहेब गुडघ्यावर बसले. त्यांच्या पायाखालच्या फरशीवर एक ठळक पांढरी रेघ होती. रेघ दिसली की ती कोणीतरी विचारपूर्वक ओढलेली असणार, ही नकाशाघराची श्रद्धा. वस्तुतः ती रेघ म्हणजे पूर्वी तेथे असलेल्या आणि पाडून टाकलेल्या एका भिंतीची खूण होती, आणि ती भिंत तिरकी होती म्हणूनच पाडली होती. भाऊसाहेबांनी तीवर कोनमापक ठेवला, खडूने दोन खुणा केल्या, बूट त्या खुणांवर अचूक जुळवले आणि धड पावलांशी जुळवले. मग श्वास अर्धा सोडून त्यांनी डोळ्यांसमोर पाहिले. डोळ्यांसमोर एक काळे वर्तुळ होते.

इकडे शेजारच्या जागेवर दंतवैद्य उभे होते. "आलोच आहे तर मीही पाच झाडतो की, मॅडम," असे म्हणून त्यांनी पाहुणा म्हणून नाव नोंदवले होते. पुढील काही मिनिटे दोन्ही बंदुका वाजत राहिल्या. दंतवैद्य प्रत्येक बारानंतर "अरेच्चा!" म्हणत. भाऊसाहेब काहीच म्हणत नव्हते. चाळीस वर्षांच्या ज्ञानाची पूजा चालली होती. तेथे बोलणार कोण?

शिटी वाजली. कागद सरकत जवळ आले. भाऊसाहेबांचा कागद कोरा करकरीत होता.

दंतवैद्यांच्या कागदाला दहा छिद्रे होती. त्यांतली पाच कसर लागल्यासारखी चारी कोपऱ्यांत विखुरलेली, आणि पाच नेमकी काळ्या वर्तुळाच्या मध्यात, एका नाण्याखाली झाकतील इतकी दाटीने.

"मधली माझी असणं शक्य नाही," दंतवैद्य प्रांजळपणे म्हणाले. "मी डोळे मिटून घेत होतो."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "माझी आहेत ती! पाहा, पाहा तो समूह! पहिल्याच प्रयत्नात! हे नोंदवून घ्या, बाई."

"नोंदवते," प्रशिक्षिका म्हणाल्या. "उमेदवाराच्या कागदावर छिद्रं, शून्य."

"अहो, पण नेम—"

"काका, तुम्हाला नेम धरता येतो. समोर कोण उभं आहे ते बघता येत नाही. प्रमाणपत्र मला पहिल्या गोष्टीसाठी नाही, दुसरीसाठी द्यायचा असतो."

पुनर्परीक्षेचा नियम नव्वद दिवसांचा होता. करवतीला एव्हाना अकरा दिवस उरले होते, आणि तेवढ्यात पत्नींच्या नावे नवा अर्ज पुरा होण्यासारखा नव्हता. नियम असाही होता, की एका कागदावर कोणाचे छिद्र कोणते हे सिद्ध होत नसेल तर संशयाचा फायदा कागदाच्या मालकाला मिळतो. त्यामुळे दंतवैद्य पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. त्यांचे प्रमाणपत्र आता त्यांच्या दवाखान्यात खुर्चीच्या बरोबर समोर लावलेले आहे, आणि ते म्हणतात, की रुग्ण हल्ली तोंड अधिक तत्परतेने उघडतात.

भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात गेले. प्रमुख लिपिकांनी प्रकरण काढले. एके काळी एका पानाचे असलेले ते प्रकरण आता दोरीने बांधावे लागत होते.

"ते टिपण परत घेतो मी," भाऊसाहेब म्हणाले.

"कागद काढता येत नाही, काका. कागदावर फक्त कागद ठेवता येतो."

"म्हणजे?"

लिपिकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर नेला. "बघा. कारागीर म्हणतो वस्तू निकामी. तज्ज्ञ म्हणतो निकामी नाही. तज्ज्ञापुढे कारागिराचं काय चालणार? पण तो तज्ज्ञच जर तज्ज्ञ नसेल, तर टिपण म्हणजे नुसतीच चित्रं. मग कारागिराचं पत्र उभं राहतं, आणि शिक्का मारायला मी मोकळा."

"आणि तज्ज्ञ तज्ज्ञ नाही, हे कोण म्हणणार?"

"तोच." लिपिकांनी एक मसुदा पुढे सरकवला. असल्या प्रसंगांसाठी तो त्यांनी तयारच ठेवलेला असावा. 'मी, खाली सही करणार, प्रतिज्ञेवर लिहून देतो की मला शस्त्रांविषयी कोणतेही ज्ञान नाही. सदर टिपण मी ऐकीव माहितीवर आणि हौसेपोटी लिहिले. ते गंभीरपणे घेऊ नये.'

भाऊसाहेबांनी तो कागद वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. बाहेर पडताना कार्यालयातील प्रत्येक खुर्ची आपल्याला हसते आहे, असे त्यांना वाटले. ज्यांना नळीच्या तोंडाची आवळ म्हणजे काय हे ठाऊक नाही, ज्यांनी पावतीवर 'लांब वस्तू' असे लिहिले, त्यांच्यापुढे अज्ञानाची प्रतिज्ञा! यापेक्षा तीन तुकडे बरे. बंदूक तर तशीही जुन्या घडणीची. तिच्या खटक्यात एक मूलभूत दोष होताच. हे सर्व युक्तिवाद त्यांनी घरी येईपर्यंत पूर्ण केले आणि जेवणाच्या टेबलाशी बसून, पत्नींनी काही विचारलेले नसताना, त्यांना ऐकवले. मसुदाही वाचून दाखवला, उपहासाने, आवाज बदलून.

पत्नी गोळ्यांच्या डब्या आठवड्याप्रमाणे लावत बसल्या होत्या. रक्तदाबाच्या. भाऊसाहेबांच्या.

"बाबा कारागिराकडे गेले तेव्हा मी बरोबर होते," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही. "कारागीर म्हणाला, ठोके नुसते काढून ठेवतो, पुढेमागे कोणाला लागली तर. बाबा म्हणाले, नको, नळ्याही बुजव. त्याने विचारलं, एवढी चांगली बंदूक कशाला मारता? बाबा म्हणाले, पुष्कळ झालं. त्यांना ती निकामीच हवी होती, अहो. भिंतीवर, लेकीच्या घरी. तुम्ही चौदा पानं लिहून तिला जिवंत केलंत, आणि आता ती कापली जाणार."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही बंदुकीबद्दल मला कधी काही विचारलंत? एकदा तरी?"

तेहतीस वर्षांच्या संसारात भाऊसाहेबांनी पत्नीला तोड्यापासून टोपीपर्यंत सर्व इतिहास सांगितला होता. विचारले मात्र काहीच नव्हते. पत्नींनी शनिवारच्या खणात गोळी टाकली, डबी बंद केली आणि त्या उठून आत गेल्या. समोरच्या भिंतीवर दोन खिळे होते आणि त्यांच्यामध्ये बंदुकीच्या लांबीचा, बाकी भिंतीहून किंचित उजळ असा पट्टा.

नियमाप्रमाणे प्रतिज्ञापत्र स्वहस्ते लिहून दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावे लागे. एक साक्षीदार कार्यालयातला शिपाई होता. दुसरे दंतवैद्य. ते आता प्रमाणपत्रधारक असल्यामुळे लिपिकांनी त्यांना खुर्ची दिली. भाऊसाहेब उभे होते.

"एक लहानशी सुधारणा," भाऊसाहेब म्हणाले. "'ज्ञान नाही' याऐवजी 'प्रत्यक्ष अनुभव नाही' असं—"

"ज्ञान," लिपिक म्हणाले.

"मग निदान 'कोणतेही' हे विशेषण—"

"काका, करवतवाला मंगळवारी येतो."

भाऊसाहेबांनी लिहिले. अक्षर नेहमीसारखेच सुरेख आले. हाताला अजून बातमी कळलेली नसावी. मग त्यांनी वाचायला आरंभ केला. पहिल्या ओळीला आवाज नकाशाघरातल्यासारखा खणखणीत होता. 'कोणतेही ज्ञान नाही' येथे तो बसला. शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक ऐकण्यासाठी थांबला. 'गंभीरपणे घेऊ नये' हे शब्द आले तेव्हा शिपायाने सहानुभूतीने मान हलवली, आणि ती सहानुभूती भाऊसाहेबांना त्या संपूर्ण सकाळीत सर्वांत जड गेली.

"पुरावा म्हणून काही जोडायचंय?" लिपिकांनी विचारले. "नुसत्या प्रतिज्ञेवर साहेब विश्वास ठेवत नाहीत. माणसं खोटंही लिहून देतात."

भाऊसाहेबांनी खिशातून सरावगृहाचा अहवाल काढून पुढे ठेवला. लिपिकांनी त्यातले ते मोठे शून्य बराच वेळ पाहिले.

"हं," ते म्हणाले. "हे पटण्यासारखं आहे." आणि शिक्का या वेळी कुठेही न थांबता कागदावर आला.

बंदूक शनिवारी घरी आली. पत्नींनी शाल सोडली, दस्ता पुसला, दोन खिळ्यांवर ती टांगली आणि दोन पावले मागे सरून पाहिली. खाली कार्यालयाची पितळी पट्टी लावणे बंधनकारक होते, ती भाऊसाहेबांनी स्वतः स्क्रूने बसवली; पातळी धरून, एका रेषेत. 'शोभेची वस्तू.'

संध्याकाळी दंतवैद्य पाहायला आले. आता ते बंदुकीसमोर पूर्वीसारखे संकोचाने उभे राहत नव्हते. हात मागे बांधून, मान तिरकी करून, जाणकाराच्या दृष्टीने त्यांनी ती टोकापासून दस्त्यापर्यंत न्याहाळली.

"काय घडण होती हो पूर्वी!" ते म्हणाले. "दोन नळ्यांची युक्ती तर अफलातूनच. वरवर पाहणाऱ्याला कळायचं नाही. एक गोळी जायला, आणि दुसरी धूर बाहेर पडायला. काय, बरोबर ना, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांच्या कानशिलावरची शीर उभी राहिली. तोंड उघडले गेले. पत्नी तेलाचे फडके घडी घालता घालता थांबल्या आणि त्यांनी पतीकडे पाहिले. भाऊसाहेबांनी पत्नीकडे पाहिले, मग भिंतीकडे.

"असेल," ते म्हणाले.